ठेवणीतली भैरवी

ईश्वरदास पराते रडले नाहीत. बायको गेली त्या दिवशी नाही, तेरवीला नाही, आणि आता संक्रांत तोंडावर आली तरी नाही. नाईक तलावाच्या आसपासच्या बायकांनी आधी कौतुक केलं, "धीराचा मानूस हाय," म्हणाल्या. मग ते कौतुक आंबलं आणि "दगड हाय, दगड," असं पिठाच्या गिरणीवर ठरलं. दोन्ही चूक होतं. धीर धरायला आधी कुठंतरी दुखावं लागतं, आणि ईश्वरदासांना काही दुखतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं त्यांचं सगळं अंगच झालं होतं. सकाळी उठायचं, तलावाला चक्कर मारून यायचं, ताट पुढ्यात आलं की जेवायचं. भाजी आंबट की खारट एवढं कळायचं, पण आवडली की नाही ते कळत नसे.

गाणं लावलं असतं तर कदाचित कळलं असतं. पण घरात आता गाणं लावायचं नव्हतं, कारण भैरवी वाजून गेली होती.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर म्हातारा चळला असं वाटायचं.

ईश्वरदासांचं घर विणकरांचं. बाप हातमागावर बसायचा आणि मागाच्या वर खुंटीला रेडिओ टांगलेला असायचा. ईश्वरदास मात्र मागावर बसले नाहीत, कोराडीच्या वीजकेंद्रात लागले. तिथल्या टर्बाइननं पगार दिला, पेन्शन दिली आणि बदल्यात उजवा कान जवळजवळ ठेवून घेतला. बायको चंद्रकला उमरेडची, तीही विणकराचीच पोर. लहानपणी बापाच्या मागाशेजारी बसून ती सुताच्या कांड्या भरायची. गणपतीत त्यांच्या अंगणात गाण्याची बैठक व्हायची, तीही ऐकायची. शाळा तिची फारशी झाली नाही, पण गाणाऱ्याचं मन गाण्यात आहे की घड्याळात, हे तिला पहिल्या आलापात कळायचं. ईश्वरदासांना रागांची नावं यायची, चंद्रकलेला राग यायचे. दोघांचं मिळून एक माणूस पुरं होत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या बोनसात ईश्वरदासांनी टेपरेकॉर्डर घेतला. त्यानंतर रेडिओपुढं तो ठेवून, घरातल्या पोराबाळांना दम भरून, पंखा बंद करून त्यांनी काय काय उतरवून घेतलं त्याला सुमार नाही. नंतर विकतच्या कॅसेटीही आल्या. कपाट भरलं, तेव्हा चंद्रकलेनं एका दुपारी सगळ्या कॅसेटी जमिनीवर ओतल्या आणि लुगडी लावावीत तशा दोन थप्प्या लावल्या. एक रोजवापराची आणि एक ठेवणीतली.

ईश्वरदासांनी पाहिलं तर मोठमोठे नावाजलेले गवई सगळे ठेवणीत गेले होते.

"अवं, हे तं सगळ्यात भारी हायेत," ते म्हणाले.

"म्हूनच तं," चंद्रकला म्हणाली. "भारी लुगडं रोज नेसलं तं अंगाले टोचते. अन् त्याची शानही जाते. रोज नेसाले मऊ पायजे."

तसं मग ठरूनच गेलं. ठेवणीतली गाणी दिवाळीला, पाहुणे आले तर, मुलगा चेतन पास झाला त्या दिवशी. रोजची मात्र मऊ. त्यांना तिनं नावंही आपली आपणच ठेवली होती. 'लाइट गेलेला यमन' म्हणजे ज्याच्या मधेच वीज गेली होती आणि बुवांचा वरचा सूर घसरत घसरत बोबडा होऊन थांबला होता. घरचा मालक वीजकेंद्रात आणि घरातला यमन विजेवाचून मेला, याची ती वर्षानुवर्षं टिंगल करायची. 'बातम्यावाला सारंग' म्हणजे ज्याच्या शेपटाला बातम्यांची सुरुवात चिकटून आली होती. 'खोकणारे बुवा' होते. आणि सगळ्यांच्या आधी, रोज सकाळी चहाबरोबर, 'बिनघाईच्या बाई' होत्या. कुणा एका बाईंची ती तोडी. त्यांचं नाव उतरवून घ्यायचं राहिलं होतं. या बाई पहिल्या सुरावर इतका वेळ बसायच्या की तोवर चहा होऊन गाळून व्हायचा. चंद्रकला म्हणायची, "ह्या बाईले कुठंच जायचं नाही. मले आवडते."

ईश्वरदासांचा हट्ट वेळेचा. सकाळचा राग सकाळीच, संध्याकाळचा संध्याकाळीच. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत तोडी उशिरा लागली आणि मधेच बारा वाजले, तर त्यांनी उठून पटकन बंद केली. चंद्रकला म्हणाली, "जा, बाहेर जाऊन सूर्याले विचारून या, त्याले चालते काय म्हून." पाहुणे हसले. ईश्वरदास हसले नाहीत, पण त्यांनी पुन्हा लावलीही नाही.

चंद्रकलेचा हट्ट एकच होता आणि तो भैरवीचा. बैठकीत शेवटी भैरवी होते आणि भैरवीनंतर कुणी गात नाही, हे गाणं ऐकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण तिच्या बापानं ते पक्कं पाळलेलं. भैरवी झाली की तो स्वतः उठून सतरंजी गुंडाळायला घ्यायचा, समोर कोण का बसलेलं असेना. म्हणून चंद्रकलेनं भैरवीची कॅसेट रोजच्यात ठेवली नाही आणि ठेवणीतल्यांतही नाही. ती गेली थेट तिच्या लोखंडी पेटीत, हिरव्या शालूच्या खाली. पेटीची चाबी तिच्या कमरेला असायची.

"घरात भैरवी कायले?" ती म्हणायची. "घर काय उठून जायची जागा हाय?"

दोन वर्षांपूर्वी सून काजलनं सगळ्या कॅसेटी सीताबर्डीवरच्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या आणि हॉलमध्ये स्पीकरचा डबा बसवला. तेव्हाही भैरवी पेटीतच राहिली. काजल कन्हानची. तिच्या माहेरी गाणं म्हणजे वरातीपुढचं. पण पोरगी हुशार होती, सकाळी न सांगता तोडी लावायची, दुपारी सारंग. ईश्वरदासांना ती आवडायची. आवडायची, असंच म्हणायला हवं.

कारण भादव्यात चंद्रकलेला धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवलं. किडन्यांनी काम सोडलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी ईश्वरदास खाली चहाला गेले आणि परत आले तर खोलीच्या बंद दारातून भैरवी ऐकू आली. त्यांनी दार ढकललं. काजल पलंगाशी बसली होती, हातात चंद्रकलेचा फोन, तो सासूच्या कानाशी धरलेला. ईश्वरदासांनी काही विचारलं नाही. फोन तिच्या हातातून ओढला आणि बोट दाबून बंद केला. चंद्रकलेनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. "आले?" एवढंच म्हणाली. दिवेलागणीला ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बायका बसलेल्या, कुणी उमरेडहून आलेल्या, कुणी नरखेडहून. सुतकाचं घर, चूलही पेटलेली नाही. आणि अचानक हॉलमधल्या डब्यातून तोडी सुरू झाली. बिनघाईच्या बाई आपल्या पहिल्या सुरावर बसल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. "अवं पोरी, तुले काही समजते काय?" चंद्रकलेची बहीण ओरडली. काजल डब्याशेजारी उभी होती, मान खाली घालून, पण बंद करत नव्हती. ईश्वरदासांनी जाऊन वायर भिंतीतून उपटली.

"काल भैरवी वाजवली ना तू?" ते म्हणाले. "मंग आता कायचं गानं?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. भांडण असं नव्हतं. राग यायला जी ऊब लागते तीही त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी फक्त मनात एकदा लिहून ठेवलं होतं, या पोरीनं चंद्रकलेला उठवून दिलं, आणि पुढं ते पुसायला हात उचलला नाही. जेवताना "मीठ" म्हणायचे, जाताना "दार" म्हणायचे. चेतन बुटीबोरीच्या कारखान्यातून थकून यायचा, बाप आणि बायको यांच्या मधल्या शांततेत बसून जेवायचा आणि झोपायचा. डब्यावर कुणीतरी टॉवेल टाकून ठेवला होता.

अशातच एका रविवारी संध्याकाळी धम्मानंद आले. हे ईश्वरदासांचे कोराडीचे सोबती, राहायला इंदोऱ्याला. रविवारी गाणं ऐकायला यायचा त्यांचा जुना नेम होता. ऐकायला म्हणजे विलंबितात घोरायचे आणि द्रुतात जागे होऊन भलत्याच जागी "वा!" म्हणायचे. चंद्रकला त्यांना कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाऊ घालायची आणि म्हणायची, "भाऊजी, तुमी झोपलेलेच बरे ऐकता." ती गेल्यापासून ते येत, बसत, डब्यावरच्या टॉवेलकडे पाहत आणि जात. त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. आत काजल सांबारवडी तळत होती, तो वास आला म्हणून असेल.

"ईश्वरदास, लाव ना गा काही. लाइट गेलेला यमन तरी लाव."

"आता नाही."

"काहून?"

"भैरवी झाली. बैठक उठली."

"कोनं उठवली?"

ईश्वरदासांनी स्वयंपाकघराकडे नुसती हनुवटी केली. चार महिन्यांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, कापसाचा भाव सांगावा तसं. दवाखाना, बंद दार, कानाशी धरलेला फोन, दुसऱ्या दिवशीची तोडी. धम्मानंद ऐकत राहिले. या खेपेला झोपले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डोकं खाजवलं.

"मले एक सांग. थे भैरवी तं पेटीत होती ना? लुगड्याखाली?"

"हाव."

"अन् चाबी?"

"तिच्या कमरेले."

"मंग या पोरीले टेप देली कोनं?"

इतकी साधी गोष्ट. चार महिने तलावाला चकरा मारल्या, पण ईश्वरदासांच्या डोक्याला ती एकदाही शिवली नव्हती. बधिर गालाला आपणच चावलो तरी कळत नाही, तसं झालं होतं. आतला तळणाचा आवाज थांबला.

काजल हात पुसत दारात आली. तिनं बशी धम्मानंदांपुढं ठेवली, आणि आत न जाता तिथंच उभी राहिली.

"आईनं देली चाबी," ती म्हणाली.

धम्मानंदांकडे बशी सरकवून ती पुढं सांगू लागली.

"दवाखान्यात भरती झाल्या, त्याच्या चार-पाच दिवसांनी. म्हने, शालूखाली टेप हाय, सीताबर्डीवर जाऊन माह्या फोनात भरून आन. अन् सकाळची तोडीबी भर. दोनच गानी पायजेत मले. बाबाले सांगू नको म्हने."

"खोटं," ईश्वरदास म्हणाले. पण म्हणतानाच त्यांचा आवाज पातळ झाला.

"त्या दिवशी तुमाले खाली च्या प्याले कोनं पाठवलं होतं, बाबा?"

ते त्यांना आठवलं. त्यांच्या रक्तातली साखर वाढली तेव्हापासून चंद्रकलेनं त्यांना टपरीचा चहा प्यायला दिला नव्हता. त्या दुपारी मात्र स्वतःहून म्हणाली होती, "जा, खालून च्या पिऊन या. आरामात बसून प्या." आणि हे खुळे खूश झाले होते. हिला बरं वाटतंय, हिला चहाचं सुचतंय, असं वाटून जिना उतरले होते. आणि मग तिच्याजवळ लवकर परत जावं म्हणून अर्धा कप तसाच टाकून धावत वर आले होते.

"'ते असले तं लावू देनार नाहीत,' म्हने," काजल सांगत होती. "'अन् लावू देली, तरी त्याईच्यासमोर माह्यानं ऐकवनार नाही.' तुमी माह्या हातातून फोन घेतला ना, तवा मी सांगतच होती. आईनं मान हलवली. नको बोलू म्हून."

"अन् तोडी?"

"थेही त्याईनंच सांगतलं. 'दुसऱ्या दिवशी सकाळी तोडी लावजो. घरात कोनीबी असो, कोनी काहीबी म्हनो. नाही तं हा मानूस भैरवीवरच बसून राहीन.'"

धम्मानंदांनी उचललेली वडी परत बशीत ठेवली.

"चार महिने झाले वं," ते म्हणाले. "बोलली काहून नाहीस?"

"काय बोलू?" काजल सासऱ्याकडे वळली, तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमाले खाली पाठवून आईनं तुमच्या मांग निरोप घेतला, हे सांगू? अन् तोबी तुमी अर्धा तोडला, हे सांगू? तुमी माह्यावर चिडून होते तं म्हटलं राहू द्या. कोनावर तरी चिडाले पायजेच ना मानसाले."

धम्मानंद उठायला लागले. "बस," ईश्वरदास म्हणाले. मग काजलकडे न पाहता त्यांनी विचारलं, "फोन कुठं हाय?"

फोन पेटीत होता, हिरव्या शालूवर. काजलनं आणला. तो कधीचा मेलेला होता. तिनं तो भिंतीतल्या प्लगला लावला, डब्याची वायर जिथून उपटली होती तिथंच. तिघं त्याच्याकडे पाहत बसले. बाहेर थंडीतली लवकरची संध्याकाळ उतरली होती, कुणीतरी गल्लीत मांजा गुंडाळत ओरडत होतं, वड्या थंड होत होत्या. बऱ्याच वेळानं पडदा उजळला. काजलनं दोन ठिकाणी बोट लावलं आणि फोन सासऱ्यापुढं धरला.

"तुमी बंद केली तिथंच हाय अजून. मी हात नाही लावला."

पडद्यावर एक रेघ होती. अर्धीअधिक निळी आणि पुढं पांढरी. ईश्वरदासांना चष्म्याशिवायही ती दिसली. ती निळी रेघ चंद्रकलेनं ऐकली होती. पुढची पांढरी तिची राहिली होती, यांच्या बोटानं.

त्यांनी फोन डाव्या कानाजवळ घेतला आणि दाबलं.

मधूनच, एका शब्दाच्या पोटातून, आवाज सुरू झाला. गाणारा समेकडे निघालेला होता. त्याला चार महिने वाटेत अडवून ठेवलं होतं, हे त्याला काय माहीत. तो सहज समेवर आला, आणि पुन्हा मुखडा घेऊन निघाला. भैरवीत असतात ते सगळे सूर, कोवळे कोवळे, एकामागून एक येऊन पाया पडून जात होते. ईश्वरदास ऐकत होते. पण ते स्वतःसाठी ऐकत नव्हतेच. पलंगावर डोळे मिटून पडलेल्या चंद्रकलेनं पुढं काय ऐकलं असतं, ते तेवढं तिच्या वतीनं ऐकत होते. शेवटी तो आवाज खाली आला, थांबला. तानपुरा थोडा वेळ तसाच वाजत राहिला आणि तोही संपला.

"मी तिची भैरवी तोडली गा, धम्मानंद," ईश्वरदास म्हणाले.

आणि ते म्हणताच दुखलं. छातीत, पोटात, नीट जागा सांगता येईल असं दुखलं. चार महिन्यांनी काहीतरी त्यांचं स्वतःचं झालं. त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिले.

त्या हाताखालून तानपुरा पुन्हा सुरू झाला. फोनात दोनच गाणी होती, एक संपलं की दुसरं लागणारच. बिनघाईच्या बाईंनी पहिला सूर लावला आणि त्यावर बसून राहिल्या.

"अरे, तोडी!" धम्मानंद दचकून म्हणाले. त्यांना दुसरं काही कळत नसलं तरी या घराचा वेळेचा नेम त्यांना पाठ होता. "दिवेलागणीची तोडी?"

काजल चटकन वाकली आणि तिनं फोनकडे हात नेला. ईश्वरदासांनी तिचा हात धरला.

"राहू दे वं, काजल."

"पन बाबा, सांजची..."

"तू सकाळीच लावली होती, बेटा," ईश्वरदास म्हणाले. "मीच नाही ऐकली."

एवढं बोलून ते रडायला लागले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, गल्लीत ऐकू जाईल असे रडले. काजलनं त्यांचा हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं तिनं डब्यावरचा टॉवेल ओढून काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

बाई अजून पहिल्याच सुरावर होत्या.